पाखरांच्या वतीने भांडलेली बाई : रेचेल कार्सन

आमच्याकडे वांग्यावर औषध मारतात. मिरचीवर, भेंडीवर, कारल्यावर औषध मारतात. धानावर तुडतुडा आला की औषध, गादमाशी दिसली की औषध. कृषी केंद्राच्या पाटीवरही औषधंच मिळतात. आणि गावात कुणी जिवाचं बरंवाईट करून घेतलं, तर बाया दारात उभ्या राहून हळू आवाजात सांगतात की त्याने औषध घेतलं. म्हणजे शब्द एकच. तापाची गोळी तेही औषध आणि पाठीवरच्या पंपात भरतात तेही औषध. लहानपणापासून हेच ऐकत आल्यामुळे यात काही विचित्र आहे, असं मला कधी वाटलंच नाही.

दुसऱ्या वर्षाला पर्यावरण विषयाच्या सबमिशनसाठी फळं आणि भाजीपाल्यावरचे कीटकनाशकांचे अवशेष हा टॉपिक माझ्या वाट्याला आला. खरं सांगायचं तर रोल नंबरप्रमाणे आला, मी काही मागितला नव्हता. दोन दिवसांत उरकून टाकू, असाच विचार होता. पण कुठलंही पुस्तक उघडा, कुठलाही लेख काढा, तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात एकच नाव यायचं. रेचेल कार्सन. सबमिशन कधीच तपासून झालं, मार्कही मिळाले, पण ही बाई काही डोक्यातून गेली नाही. म्हणून मित्रांनो, या अंकात तिचीच गोष्ट सांगतो.

रेचेलचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल नावाच्या छोट्या गावात झाला. गाव अ‍ॅलेघेनी नदीच्या जवळ. घराभोवती पासष्टेक एकर जमीन, थोडी फळबाग, थोडी जनावरं. वडील विमा विकायचे, पण घरात पैसा कमीच. तीन भावंडांत ही धाकटी. आई मारिया हिला पाखरांचं, झाडांचं भारी वेड. ती मुलीला हाताला धरून रानात न्यायची, घरटी दाखवायची, पण अंड्याला हात लावू द्यायची नाही. पुढे जे काही झालं त्याचं मूळ या फिरण्यात आहे असं मला वाटतं. आपल्याकडेही बोडीच्या पाळीवर आजी-आजोबांसोबत फिरलेली पोरं पाखरांना नावाने ओळखतात. बाकीच्यांना सगळे बगळेच दिसतात!

मुलीला लिहायची आवड होती. १९१८ साली, अकराव्या वर्षी तिची पहिली गोष्ट मुलांच्या एका नामवंत मासिकात छापून आली. लेखक व्हायचं हे तेव्हाच ठरलं. म्हणून कॉलेजात इंग्रजी घेतलं. पण तिथे मेरी स्किंकर नावाच्या प्राध्यापिका जीवशास्त्र शिकवत होत्या. त्यांचा तास केला आणि पोरीने चक्क ब्रँच बदलली! त्या काळात विज्ञान घेतलेल्या मुलीला नोकरी कोण देणार, असं अनेकांनी समजावलं. तिने ऐकलं नाही. १९२९ मध्ये पदवी घेतली, त्याच उन्हाळ्यात वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत काम केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची एम. ए. झाली. पुढे पीएच. डी. करायची होती, पण जागतिक मंदी आली. घर चालवायचं होतं. १९३४ मध्ये शिक्षण सोडावं लागलं आणि १९३५ मध्ये वडील गेले.

इथून पुढे या बाईच्या आयुष्यात एक गोष्ट सारखी दिसते. घरावर संकट येतं, ती ते उचलते आणि काम चालूच ठेवते. सरकारी मत्स्य खात्यात तिला रेडिओवरच्या कार्यक्रमासाठी लिहायचं अर्धवेळ काम मिळालं. मग सरकारी नोकरीची परीक्षा दिली, त्यात सगळ्या उमेदवारांत जास्त गुण तिलाच. १९३६ मध्ये ती कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाली. पुढच्याच वर्षी मोठी बहीण वारली. मागे दोन मुली. त्यांना रेचेलने आणि तिच्या आईने सांभाळलं. दिवसा ऑफिस, रात्री लेखन. १९४१ साली पहिलं पुस्तक निघालं, समुद्रातल्या जीवांवर. महिनाभरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली आणि पुस्तकाकडे कुणी पाहिलंही नाही.

मग १९५१ मध्ये तिचं दुसरं पुस्तक आलं, द सी अराउंड अस. हे मात्र तुफान चाललं. न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत ते तब्बल ८६ आठवडे होतं. राष्ट्रीय पुस्तक पुरस्कार मिळाला. हातात पैसा आला, १९५२ मध्ये तिने नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लिहायला लागली. समुद्रावर लिहिणारी लोकप्रिय लेखिका म्हणून सुखात आयुष्य गेलं असतं. मग ती विषाच्या वाटेला कशी काय गेली?

इथे थोडं डीडीटीबद्दल सांगायला हवं. हे रसायन १८७४ मध्येच प्रयोगशाळेत तयार झालं होतं, पण त्याचा उपयोग कुणाला माहीत नव्हता. १९३९ मध्ये पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाला कळलं की हे किड्यांना मारतं, आणि एकदा मारलं की दीर्घकाळ मारत राहतं. युद्धात त्याने चमत्कार केला. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतल्या नेपल्स शहरात उवांमुळे पसरणारा टायफस आला, तेव्हा लाखो लोकांच्या अंगावर ही पावडर मारली आणि साथ आटोक्यात आली. म्युलरला १९४८ चं नोबेल मिळालं, तेही वैद्यकशास्त्राचं! म्हणजे पाहा, डीडीटीला औषध म्हणणारे फक्त आमच्या गावचे नव्हते.

आपल्या देशातही डीडीटीने उपकार केले, हे प्रामाणिकपणे लिहायला पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा असा अंदाज होता. १९५३ पासून घराघरांत फवारणी सुरू झाली आणि १९६५ पर्यंत हा आकडा एक लाखाच्या आसपास आला. पण गोष्ट इथे संपत नाही. १९७६ मध्ये तो पुन्हा ६४ लाखांवर गेला. कारणं बरीच होती, त्यातलं एक मोठं कारण म्हणजे डासांना डीडीटीची सवय झाली होती. जे मेले ते मेले, जे वाचले त्यांची पिल्लं मरेनात. ही गोष्ट कार्सनने १९६२ मध्येच लिहून ठेवली होती.

युद्ध संपल्यावर अमेरिकेत हे रसायन शेतात, जंगलात, शहरातल्या झाडांवर, सगळीकडे वापरायला सुरुवात झाली. विमानातून. रेचेलला १९४५ मध्येच शंका आली होती. मत्स्य आणि वन्यजीव खात्यातले अहवाल तिच्या हाताखालून जायचे. तिने एका मोठ्या मासिकाला विचारलं की डीडीटीवर लेख देऊ का. त्यांना विषय रुचला नाही. ती समुद्राकडे वळली.

१९५८ च्या जानेवारीत तिला मैत्रीण ओल्गा हकिन्सचं पत्र मिळालं. मॅसॅच्युसेट्समधल्या डक्सबरी इथे तिच्या जागेत पाखरांसाठी राखलेला तुकडा होता. डास मारण्यासाठी वरून विमानाने फवारणी झाली आणि दुसऱ्या दिवशी अंगणात पाखरं मरून पडलेली. चोची उघड्या, पाय आखडलेले. डास मात्र पुन्हा आले. रेचेलने हे काम दुसऱ्या कुणीतरी करावं म्हणून आधी प्रयत्न केला, कुणी तयार होईना. शेवटी तिनेच पेन उचललं.

तेव्हा तिची घरची परिस्थिती काय होती? १९५७ मध्ये तिने वाढवलेली भाची वारली आणि भाचीचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर याला रेचेलने दत्तक घेतलं. पन्नाशीची, लग्न न केलेली बाई, घरात लहान पोर आणि म्हातारी आई. डिसेंबर १९५८ मध्ये आईही गेली. आणि समोर टेबलावर अहवालांचा ढीग.

याच १९५८ मध्ये इकडे केरळात एक भयंकर घटना घडली. वाहतुकीत खाण्याच्या मालाबरोबर ठेवलेलं पॅराथिऑन हे कीटकनाशक गव्हाच्या पिठात मिसळलं. ते खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर चौकशी, समित्या होत होत १९६८ चा आपला कीटकनाशक कायदा आला. म्हणजे एकाच वर्षी तिकडे एक बाई कागद जमवत होती आणि इकडे माणसं पोळी खाऊन मरत होती. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण प्रश्न एकच होता : विष एकदा बाटलीतून बाहेर पडल्यावर ते कुठे जातं याचा हिशेब कोण ठेवतं?

कार्सनने तो हिशेब ठेवला. आपण इंजिनिअरिंगवाले, आपल्याला आकडे कळतात, म्हणून तिने मांडलेलं एक उदाहरण देतो. कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचा तलाव आहे. तिथे चावणाऱ्या नव्हे, नुसत्या त्रास देणाऱ्या चिलटांसाठी डीडीटीचाच भाऊ डीडीडी पाण्यात टाकला. पहिल्यांदा १९४९ मध्ये, सात कोटी भाग पाण्यात एक भाग. एवढ्याने काय होतंय? नंतर १९५४ आणि १९५७ मध्ये पुन्हा, थोडं जास्त. पाण्यात प्रमाण होतं दहा लाख भागांत ०.०२ च्या आसपास. त्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती-प्राण्यांत ते ५ निघालं. त्यांना खाणाऱ्या माशांत आणखी जास्त. आणि मासे खाणाऱ्या ग्रीब या पाणपक्ष्याच्या चरबीत १६००! म्हणजे पाण्याच्या ८० हजार पट. पाणी तपासलं तर पास, पाखरू तपासलं तर मेलेलं. कारण डीडीटीच्या जातीची रसायनं पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत साठतात, आणि एकजण दुसऱ्याला खात गेला की वर चढत जातात.

हे वाचताना मला आमचे तलाव आठवले. आपला भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. धानाच्या बांधीतलं पाणी उतरून बोडीत जातं, बोडीतले मासे बाजारात, बाजारातून आपल्या ताटात. भंडारा-गोंदियाच्या बांध्यांत अजून थोडे सारस उरलेत. ते धानातच घरटं करतात, तिथलेच किडे, गोगलगायी, दाणे खातात. आता फवारतात ती रसायनं डीडीटीइतकी वर्षानुवर्षं टिकत नाहीत, हे खरं. पण साखळी तीच आहे.

दुसरं उदाहरण रॉबिन पाखराचं. मिशिगनमधल्या एका विद्यापीठाच्या परिसरात एल्म झाडांच्या रोगासाठी डीडीटी मारलं. पानं गळली, ती गांडुळांनी खाल्ली. पुढच्या वसंतात रॉबिन आले, त्यांनी गांडुळं खाल्ली आणि तडफडून मेले. दहा-बारा मोठी गांडुळं एका रॉबिनला पुरत होती. झाड वाचवायला मारलेलं विष मधे मातीतून, गांडुळातून फिरून पाखरापर्यंत पोहोचलं, तेही काही महिन्यांनी! वसंत आला आणि आवाजच नाही. पुस्तकाचं सायलेंट स्प्रिंग हे नाव या शांततेवरून आलं.

आणि तिसरं, आपल्या मूळ विषयाचं. नोव्हेंबर १९५९. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण, त्यात क्रॅनबेरी नावाचं आंबट फळ प्रत्येक घरी लागतंच, जसं आपल्याकडे संक्रांतीला तीळ. सणाच्या सतराच दिवस आधी आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की काही क्रॅनबेरीवर अमायनोट्रायझोल या तणनाशकाचे अवशेष सापडलेत, आणि उंदरांवरच्या प्रयोगात त्याने थायरॉइडचा कॅन्सर होतो असं दिसलंय. देशभर घबराट. दुकानांतून माल काढून टाकला, शेतकऱ्यांचं प्रचंड नुकसान झालं. चूक कुठे होती? ते रसायन फळं तोडल्यानंतरच मारायचं असा नियम होता. काही शेतकऱ्यांनी ते तोडणीच्या आधी मारलं होतं. बस्स, एवढंच. कार्सन या प्रकरणाच्या सुनावणीला जाऊन बसली होती. एक फवारणी आणि एक तोडणी, यांच्यातलं अंतर चुकलं की काय होतं, ते तिने तिथे पाहिलं.

लिहिता लिहिताच १९६० मध्ये तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिला खरं सांगितलंच नाही; त्या काळात बाईला कॅन्सर झाला तर तिच्यापासून लपवायची पद्धत होती. काही महिन्यांनी तो पसरल्याचं कळलं. किरणोपचार सुरू झाले. त्यात सांधेदुखी, डोळ्यांची सूज, काही आठवडे तर वाचताही येत नव्हतं. सेक्रेटरी वाचून दाखवायची, ही दुरुस्त्या सांगायची. आपल्याला दोन दिवस ताप आला की जर्नल लिहायला मित्र शोधतो आपण! तिने आजार बाहेर कळू दिला नाही. कळलं असतं तर विरोधक म्हणाले असते की स्वतःला कॅन्सर झाला म्हणून रसायनांवर राग काढतेय.

जून १९६२ मध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकात लेखमाला आली आणि २७ सप्टेंबर १९६२ रोजी पुस्तक. मागे पन्नासहून जास्त पानं फक्त संदर्भांची. तिला माहीत होतं की एक आकडा चुकला तर सगळं पुस्तक खोटं ठरवतील.

आणि तसंच झालं, म्हणजे प्रयत्न तरी झाला. वेल्सिकॉल या रसायन कंपनीने प्रकाशकाला कोर्टाची धमकी दिली. मोन्सँटोने तिच्या पुस्तकाची टिंगल करणारा लेख काढला, त्यात कीटकनाशकांशिवाय जग कसं उपाशी मरेल याचं चित्र होतं. ती पीएच. डी. नाही, ती हळवी आहे, मांजरी पाळते, तिचं लग्न झालेलं नाही मग पुढच्या पिढीची काळजी तिला कशाला, ती कम्युनिस्ट आहे, असं काय काय बोललं गेलं. गंमत म्हणजे तिच्या संदर्भांच्या पानांना हात घालायला मात्र फारसं कुणी गेलं नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण व्हायवाला मलाही हा प्रश्न आला होता. कार्सनने सगळी कीटकनाशकं बंद करा असं कुठेही म्हटलेलं नाही. तिचं म्हणणं असं होतं की ज्यांना परिणाम माहीत नाहीत अशांच्या हातात ही रसायनं सरसकट दिली, आणि ज्यांच्या अंगावर ती पडतात त्यांना कुणी विचारलंही नाही. त्यांना कीटकनाशक म्हणणंच चूक आहे, ती जीवनाशक आहेत, असंही तिने सुचवलं. शब्दाबद्दलचा हा मुद्दा वाचला आणि मला आमचं औषध आठवलं. तिने पर्यायही दिले होते. जनावरांच्या जखमेत अंडी घालणारी स्क्रूवर्म नावाची माशी घ्या. शास्त्रज्ञांनी नर माश्या किरणांनी नपुंसक करून सोडल्या. मादीचा संयोग आयुष्यात एकदाच होतो, त्यामुळे अंडी फुकट गेली, आणि १९५४ मध्ये कुरासाओ बेटावरून ही माशी काही महिन्यांत नाहीशी झाली. एक थेंब विष न मारता! याला म्हणायचं इंजिनिअरिंग.

३ एप्रिल १९६३ रोजी सीबीएस वाहिनीवर तासाभराचा कार्यक्रम झाला. एका बाजूला पांढरा कोट घातलेले कंपनीचे शास्त्रज्ञ जोरजोरात बोलत होते, दुसऱ्या बाजूला ही थकलेली बाई शांतपणे मुद्दे सांगत होती. लोकांनी काय ते ओळखलं. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला आणि तिच्या मुख्य मुद्द्यांना त्यात दुजोरा मिळाला. जूनमध्ये ती अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेली. तेव्हा तिला चालणंही जड जात होतं. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, ती गेली. रॉजर बारा वर्षांचा होता.

जे झालं ते तिने पाहिलंच नाही. १९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली, १९७२ मध्ये तिथे शेतीतल्या डीडीटीवर बंदी आली. भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये बंद झालं, रोगनियंत्रणापुरतं ठेवलं. केरळातल्या कासरगोडच्या काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने मारलेल्या एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली.

आणि आपला महाराष्ट्र? २००३ मध्ये आपली द्राक्षं युरोपात अवशेषांच्या कारणावरून अडकली. तेव्हा धावपळ झाली. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अवशेष तपासणीची राष्ट्रीय प्रयोगशाळा उभी राहिली, २००६ पासून ग्रेपनेट नावाच्या पद्धतीत निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद होऊ लागली. तरी २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट या वाढरोधकामुळे पुन्हा माल अडकला. युरोपात ज्या रसायनाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकीच मुभा असते. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम! आपल्या शेतकऱ्याने तीही अट पाळून दाखवली. याचा अर्थ जमत नाही असं नाही. पण परदेशी माणसाच्या द्राक्षासाठी जी वही ठेवली जाते, ती आठवडी बाजारातल्या वांग्यासाठी कोण ठेवतं?

आणि २०१७ मध्ये आपल्याच विदर्भात, यवतमाळात, कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. फळावरच्या अवशेषाची चर्चा करताना हे विसरून चालणार नाही. ताटात येतो तो उरलेला अंश. पूर्ण डोस तर पंप पाठीवर घेणाऱ्याच्या अंगावर पडतो.

आता थोडं घरचं. आमच्या बाबांची वैनगंगेच्या काठाला दीड एकर वाडी आहे, वांगी आणि मिरचीची. घरामागच्या सांदवाडीत वेगळी चार-सहा वांग्याची झाडं असतात, त्यांवर आई राख मारते. बाजारच्या वाडीतलं वांगं आमच्या घरी शिजत नाही. हे कुणी ठरवलेलं नाही, कुणी त्यावर बोलतही नाही, लहानपणापासून तसंच आहे. कार्सन वाचेपर्यंत मला त्याचा अर्थ कळला नव्हता. कळला तेव्हा मी हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवत होतो आणि ताटात भरीत होतं. कुणाच्या तरी बाजारच्या वाडीतलं.

बाबा वाईट माणूस नाहीत. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी एकदा लागली की अर्धा माल फेकावा लागतो. एक छिद्र दिसलं की व्यापारी क्रेट बाजूला सारतो. वांगी तर दर दोन-तीन दिवसांनी तोडावीच लागतात, मग आज फवारलं आणि परवा तोडलं, असंच चालतं. त्यांच्या शाळेत हे कुणी शिकवलं नाही आणि दुकानदाराने कधी सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्यासोबत बाटलीवरचं लेबल वाचायला बसलो. अक्षरं इतकी बारीक की मोबाईलने फोटो काढून मोठी करावी लागली. चौकोनाच्या खालच्या त्रिकोणाचा रंग म्हणजे विषाची तीव्रता : लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा, हे त्यांना अर्धवट माहीत होतं. पण फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही, हे लेबलवर पीकवार लिहिलेलं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही कुठे होतं! मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारायला २००५ पासूनच बंदी आहे, हेही तेव्हाच कळलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला विचारलं की आठ दिवस तोडा थांबवला तर त्या आठवड्याचे पैसे कोण देणार. माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही.

तरी थोडं झालं. वाडीत कामगंध सापळे लावलेत, त्यात नर पतंग अडकतात. पोखरलेले शेंडे आई आणि बाबा रोज सकाळी खुडून जाळतात. पाच टक्के निंबोळी अर्क आधी, रासायनिक फवारा नंतर आणि तोही प्रतीक्षेचे दिवस कमी असलेला, असं ठरलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फवारणीची तारीख लिहायला लागलेत. नुकसान झालंच नाही असं नाही, एक तोडा बराच किडका निघाला. पण फवारे कमी झाले आणि त्याचा खर्चही वाचला. धानाच्या बाबतीत तर इंडोनेशियाचा अनुभव बोलका आहे. तिथे विषामुळे तुडतुड्यांना खाणारे कोळी आधी मेले आणि तुडतुडे माजले, म्हणून १९८६ मध्ये सरकारने भातावरची ५७ कीटकनाशकं बंद केली. तरी भात कमी झाला नाही. आमच्या बांधीतही कोळी आहेत, फक्त आपण त्यांना कामावर घेत नाही.

शहरातल्या मित्रांसाठी एवढंच की भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवा, साल काढता येईल तिथे काढा. पृष्ठभागावरचं बरंच निघून जातं. पण जे रसायन झाडाच्या रसातून फळात उतरलं, ते धुऊन निघत नाही. त्याचा इलाज स्वयंपाकघरात नाही, वाडीत आहे. आणि वाडीवाल्याला शिव्या देऊन तो होणार नाही. किडीच्या एका छिद्रासाठी क्रेट नाकारणारे आपणच असतो.

रेचेल कार्सनजवळ ना प्रयोगशाळा होती, ना पीएच. डी., ना पक्ष, ना तब्येत. दुसऱ्यांनी केलेले प्रयोग तिने नीट वाचले, एकाशेजारी एक ठेवले आणि त्यातून जे दिसलं ते लपवलं नाही. आपण चार वर्षांत शेकडो रिपोर्ट लिहितो, बहुतेक मागच्या बॅचचे बघून. त्यातला एखादा तरी खरा वाचला, तरी घरी सांगण्यासारखं काहीतरी हाती लागतं, एवढा माझा अनुभव.

परवा आईचा फोन आला होता. म्हणाली, या आठवड्यात बाजारच्या वाडीतली दोन वांगी घरी शिजवली. तिने ते सहज सांगितलं, गॅस सिलिंडर आणि मावशीच्या लग्नाच्या बातम्यांच्या मधे. मी फोन ठेवला आणि मेसला गेलो. भरीतच होतं.